घरावरचे ऋण आणि सभागृहातील प्रश्न

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले की चंद्रपूर-गडचिरोलीकडून मोर्चे निघतात. घरकुलाचा मोर्चा निघतो, जबरानजोतीच्या पट्ट्यांचा निघतो, बचत गटांच्या भगिनींचा निघतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोर्चाचे छायाचित्र येते आणि आपण ते कापून ठेवतो. परंतु त्याच अधिवेशनात सदस्यांच्या हाती प्रश्नांची जी छापील यादी पडते, ती आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. मोर्चाला मंत्री आश्वासन देतात. यादीतील प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापले जाते. हा फरक समाजबांधवांनी, विशेषतः महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी, नीट समजून घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच. विषय आम्ही मुद्दाम एकच घेतला आहे : घर, घरासाठी काढलेले कर्ज आणि घर चालवता चालवता झालेले कर्ज.

असा विषय धम्माच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत तिसरे सुख अनणसुख, म्हणजे कोणाचे काही देणे नसण्याचे सुख आहे. अंगुत्तर निकायातील दुसऱ्या एका सुत्तात ते दरिद्री माणसाची वाटचाल पायरीपायरीने दाखवतात. तो कर्ज काढतो, व्याज कबूल करतो, ते वेळेवर देऊ शकत नाही, मग तगादा लागतो, मग माणसे मागे फिरू लागतात, शेवटी तो बांधला जातो. आणि यातील प्रत्येक पायरी हे संसारी माणसाचे दुःखच आहे असे ते सांगतात. उपसंपदा घेण्यास आलेल्या उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात, त्यांतही तू ऋणमुक्त आहेस ना, हा एक प्रश्न आहे. म्हणजे कर्जाविषयीचा प्रश्न संघाच्या दारातच उभा होता. सिगाल सुत्तात मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन धंद्याला आणि एक आपत्तीसाठी ठेवावा, असा उपदेश आहे. ज्याच्या मिळकतीचे दोन भागसुद्धा होत नाहीत त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या काळात कायदेमंडळाकडेच मागावे लागते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महाड आणि काळाराम आपल्या मुलांना पाठ असतात. त्यांचे कायदेमंडळातील काम तेवढे पाठ नसते. मुंबई कायदे कौन्सिलात नियुक्त सदस्य म्हणून आल्यावर २४ फेब्रुवारी १९२७ रोजी ते अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते शेतसाऱ्यावर. प्राप्तिकर ठराविक उत्पन्नाच्या खाली माफ असतो, पण एक एकर जमिनीच्या धन्याला पीक येवो न येवो सारा भरावाच लागतो, हा कुठला न्याय, असा त्यांचा मुद्दा होता. १९२८ साली त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक मांडले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे. या सर्वांमागे विचार एकच दिसतो : ज्याच्या हाती रोकड नाही त्याच्यावर वर्षाच्या ठराविक दिवशी रोकड भरण्याची सक्ती केली, की तो सावकाराच्या ओट्यावर जाणारच.

पुढे बाबासाहेब उत्तर देणाऱ्या बाकावरही बसले. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर सदस्य होते आणि मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांच्या प्रश्नांना उत्तरे देणे त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडील कोळसा खाणींत स्वतः गेले, मजुरांच्या चाळी पाहिल्या. १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून मजुरांची घरे, पाणी, दवाखाना व शिक्षण यांवर खर्च करावा, अशी ती योजना होती. घुग्गुस, बल्लारपूर, माजरीच्या आपल्या बांधवांनी हे लक्षात ठेवावे. मजुराचे घर हा उद्योगाच्या खर्चाचा भाग आहे, त्याच्या एकट्याच्या कर्जाचा नव्हे, ही कल्पना त्यात आहे. त्याच घुग्गुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातील एक राहते घर जमिनीत गडप झाले आणि आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. खाली जुन्या खाणीची पोकळी आहे अशा जागेवर कर्ज काढून बांधलेल्या घराचे हप्ते कोणी भरायचे, हा प्रश्न कोणत्या खात्याचा, हे अशा वेळी कोणालाच चटकन सांगता येत नाही.

आपला चांदा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्यप्रांतात होता. मध्यप्रांताच्या कायदेमंडळाने १९३३ साली कर्ज तडजोड कायदा केला, हिंदुस्थानात या प्रकारचा तो पहिलाच. धनको व ऋणको यांना मंडळापुढे बसवायचे, रक्कम कमी करायची, हप्ते बांधायचे, अशी त्यात सोय होती. १९३४ साली सावकारीचा कायदा आला, १९३९ साली ऋणनिवारणाचा. हे कायदे मुख्यतः शेतकऱ्याला धरून होते. ज्याच्या नावावर शेतच नाही, जो मालगुजाराच्या शेतावर राबत होता, त्याला तडजोडीस बसायला पाटही नव्हता.

भूमिहीनाकडे कायद्याची नजर खऱ्या अर्थाने वळली ती १९७५ साली. महाराष्ट्र शासनाने २२ ऑगस्ट १९७५ रोजी वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कर्जमुक्ती कायदा झाला. अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कमी उत्पन्नाचे कामगार यांच्यावरील सावकारी कर्ज संपुष्टात आले आणि गहाण पडलेल्या जंगम वस्तू, म्हणजे भांडी, डोरले, पाटल्या, परत करण्याचा आदेश झाला. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फतेहचंद हिंमतलाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७७ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून निकाल आला आणि कायदा टिकला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो निकाल मुळातून वाचावा. गरिबाचे कर्ज हा दोन माणसांमधला खाजगी करार नसून सार्वजनिक हिताची बाब आहे, हे त्यात फार स्पष्टपणे मांडले आहे.

त्यानंतरच्या कर्जमाफ्या, २००८ ची केंद्राची, २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची, या शेतीकर्जाच्या होत्या. त्या गरजेच्या नव्हत्या असे आम्ही म्हणत नाही. पण सातबारा नसलेल्या माणसाला माफ करण्यासारखे कर्ज बँकेत नसतेच. त्याचे कर्ज वहीत असते, गटात असते, किंवा आता फायनान्स कंपनीच्या कार्डावर असते.

आकडे काय सांगतात तेही पाहू. रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत खेड्यातील कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडचे होते आणि सहकारी संस्थांकडचे जेमतेम ३ टक्के. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण कुटुंबांपैकी ३५ टक्के कर्जदार निघाली आणि कर्जाच्या रकमेपैकी ६६ टक्के वाटा बँका, सहकारी संस्था वगैरे संस्थांचा निघाला. प्रगती झाली, हे उघड आहे. मात्र उरलेले ३४ टक्के कोणाच्या घरी आहेत, हे आपल्या वस्तीत एक फेरी मारली तरी कळते.

आता सभागृहाकडे वळू. प्रश्न विचारण्याआधी तो कोणत्या सभागृहात विचारायचा हे ठरवावे लागते आणि इथेच आपली निवेदने वाया जातात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची ३० वी नोंद आहे ती सावकारी, सावकार आणि शेतीच्या कर्जबाजारीपणाचे निवारण यांची. बँकिंग मात्र संघसूचीत, ४५ व्या नोंदीत. म्हणजे गावच्या सावकाराविषयी आमदाराने विधानसभेत विचारावे आणि बँक व रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली फायनान्स कंपनी यांच्याविषयी खासदाराने लोकसभेत किंवा राज्यसभेत विचारावे. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. आपण गटकर्जाच्या कंपनीविरुद्ध तहसीलदाराला निवेदन देतो, तो ते पुढे पाठवतो, आणि सहा महिन्यांनी ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ असे दोन ओळींचे पत्र येते. पत्र खरे असते. राग येऊन उपयोग नाही.

गडचिरोलीच्या व आपल्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्राला आणखी एक दार आहे. घटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण रोखणे व त्यांना कर्ज देणाऱ्या सावकारांवर बंधने घालणे यासाठी राज्यपालांना विनियम करता येतात. आणि १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना दिला. हा अधिकार किती ग्रामसभांनी प्रत्यक्ष वापरला, हा विधानसभेत विचारण्यासारखा उत्तम प्रश्न आहे. आदिवासी बांधवांचा प्रश्न म्हणून आपण तो बाजूला ठेवू नये. एकाच गावात एकाच सावकाराच्या वहीत दोघांचीही नावे असतात.

घर गहाण पडते ते कसे, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण काऊंटरच्या अलीकडे बसून आम्ही जे पाहतो त्यात सर्वांत मोठे अज्ञान इथे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे अनेक प्रकार आहेत. साधे गहाण, ज्यात ताबा आपल्याकडे राहतो. ताबेगहाण, ज्यात घर किंवा शेत धनको वापरतो. हक्काचे मूळ कागद ठेवून केलेले गहाण, जे बँका गृहकर्जात करतात. आणि शर्तीच्या विक्रीचे गहाण, ज्यात दस्त विक्रीचा दिसतो पण पैसे फेडल्यास मालमत्ता परत करण्याची अट असते. या चौथ्या प्रकारात मेख आहे. १९२९ च्या दुरुस्तीनुसार परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असली पाहिजे. वेगळ्या कागदावर लिहून घेतली, किंवा ‘दादा, पैसे दिले की करून देतो परत’ असा नुसता शब्द घेतला, तर कायदा त्याला गहाण मानत नाही. ती विक्रीच ठरते. आपल्या भागात सावकार गहाणखत करून घेतच नाही. तो सरळ खरेदीखत करून घेतो. लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पन्नास हजार घेतलेला माणूस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही करून येतो, आणि त्याला वाटते आपण घर गहाण टाकून आलो.

यावर उपाय नाही असे नाही. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ साली आला. त्यात परवान्याविना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सावकारीच्या व्यवहारातून गेलेली स्थावर मालमत्ता, दस्त विक्रीचा असला तरी, चौकशी करून परत देण्याचा आदेश सावकारीचा जिल्हा निबंधक काढू शकतो. हे काम सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे असते. अर्जाला मुदतीची मर्यादा आहे, म्हणून वाट पाहू नये. तसेच मुद्दलापेक्षा व्याज जास्त घेता येणार नाही हा दामदुप्पटीचा जुना नियम आपल्या कायद्याने सावकारीपुरता मानला आहे. मुद्दल वीस हजार, आणि व्याज चाळीस हजार देऊनही मुद्दल वीस हजारच उभे, अशी वही कोणी दाखवली तर ती जपून ठेवावी. ती पुरावा आहे.

बँकेच्या गृहकर्जाचे वेगळे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेता येते, पण आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, आणि एक लाखापर्यंतच्या थकबाकीलाही नाही. नोटीस आली की आपली माणसे घाबरून ती देवळीत ठेवून देतात. त्या साठ दिवसांत लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला त्याचे कारणांसह उत्तर द्यावे लागते, हे किती जणांना माहीत आहे ? कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत दिले पाहिजेत, उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेला दंड घेता येत नाही, हे तर २०१२ पासून आहे.

अर्थात गृहकर्ज मिळण्यासाठी आधी गहाण ठेवण्यासारखी जागा पाहिजे. आपल्या खेड्यांत घराखालच्या जागेचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देण्याचे काम होत आहे. पण गावठाणाबाहेर, झुडपी जंगलाच्या किंवा नझुलाच्या जागेवर वसलेल्या वस्त्यांचे काय? वनहक्क कायदा २००६ ने मिळणारा पट्टा वारसाने चालतो, पती-पत्नी दोघांच्या नावे होतो, मात्र तो विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. म्हणून तारण म्हणून तो चालत नाही. काही तरुण याला अन्याय म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. जी जमीन बँकेला गहाण घेता येत नाही ती सावकारालाही लुबाडता येत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०१३ मध्ये ग्रामदानाचा निर्णय करून शेतजमीनही ग्रामसभेकडे सोपवण्याचे ठरवले, ते या गोष्टीचा पुरता विचार करूनच. आपल्या बौद्ध शेतकऱ्यांची अडचण त्याही आधीची आहे. ते अनुसूचित जमातीचे नसल्याने ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. आजोबांची जन्मनोंद कोतवालाच्या दप्तरात सापडली तर ठीक.

आता घरकुल. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी आवास आणि २०१६ पासून केंद्राची प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना. केंद्राच्या योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार रुपये असे अनुदान २०१६ साली ठरले. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी वेगळी. राज्याने पुढे त्यात काही भर घातली. फुकट घर मिळते मग कर्ज कुठून आले, असा प्रश्न शहरातला माणूस विचारतो. ते असे येते. अनुदान टप्प्याने मिळते. पायाचा हप्ता, मग चौकटीपर्यंतचा, मग छताचा. प्रत्येक टप्पा बांधून झाल्यावर फोटो काढला जातो आणि नंतर रक्कम खात्यावर जमा होते. जुने कवेलूचे घर मोडलेले असते, कुटुंब ताडपत्रीखाली असते, पावसाळा तोंडावर असतो. गवंडी थांबत नाही, सिमेंटवाला उधार देत नाही. घाटांचे लिलाव लांबले की वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यालाही रेती चोरट्या भावाने घ्यावी लागते, घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत हे धोरण कागदावर असले तरी. हप्ता पुढच्या आठवड्यात येईल म्हणून बाई गटकर्ज उचलते. हप्ता तीन महिन्यांनी येतो, तोवर त्याचा अर्धा हिस्सा व्याजात गेलेला असतो.

व्याजाचा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा हाताने करून पाहावा. समजा, तीस हजार रुपये ‘शेकडा दोन’ दराने वर्षभरासाठी घेतले आणि व्याज मूळ रकमेवर धरले. व्याज ७,२०० रुपये, एकूण ३७,२०० रुपये, महिन्याचा हप्ता ३,१०० रुपये. ऐकायला हा दर वर्षाला २४ टक्के वाटतो. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण तीस हजारांवर चालू राहते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला सुमारे ४२ टक्के पडतो. याउलट पाच लाखांचे गृहकर्ज ९ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ५,०७० रुपये येतो आणि पंधरा वर्षांत व्याज साधारण ४ लाख १३ हजार होते. तेच वीस वर्षांवर नेले तर हप्ता ४,५०० च्या आसपास उतरतो, पण व्याज ५ लाख ८० हजारांच्या जवळ जाते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र वाढली. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला.

गटकर्जालाही नियम आहेत. १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्मकर्ज म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज. आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीचा माणूस सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येऊ शकत नाही. आता धानाच्या पट्ट्यातील मजूर कुटुंबाचे ‘मासिक उत्पन्न’ कसे काढणार ? मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे येतात, रोवणीत मजुरी मिळते, दिवाळीनंतर कापणीत मिळते. मधले महिने कोरडे. वर्षाला बाराने भागून काढलेले उत्पन्न कागदावर बरोबर असते, पण ऑगस्टचा आठवड्याचा हप्ता त्या सरासरीतून भरता येत नाही. तो दुसऱ्या गटाच्या कर्जातून भरला जातो.

ही सर्व माहिती प्रश्नाच्या साच्यात कशी बसवायची ते पाहू. विधानसभेतील प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. त्यात मत, आरोप, विशेषणे चालत नाहीत, न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. फक्त वस्तुस्थिती विचारायची. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात व उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. घरकुलाविषयी प्रश्न साधारण असा होईल :

सन्माननीय ग्रामविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक तालुक्यातील रमाई आवास योजनेच्या मंजूर लाभार्थ्यांपैकी किती जणांना पायाचे काम पूर्ण होऊनही दुसरा हप्ता मिळालेला नाही, (२) त्यांपैकी साठ दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित प्रकरणे किती आहेत, (३) असल्यास, हप्ता किती दिवसांत अदा करावा याबाबत शासनाचे निर्देश काय आहेत, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

ती शेवटची ओळ, विलंबाची कारणे काय आहेत, वाचताना साधी वाटते. पण तिच्यामुळे मंत्रालयातून जिल्हा परिषदेला दूरध्वनी जातो, जिल्हा परिषदेतून पंचायत समितीला, आणि जी फाईल कपाटात असते ती टेबलावर येते. उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असे आले तरी काम पुढे सरकलेले असते.

लोकसभेत पंधरा पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. एका दिवसाला तारांकित प्रश्न वीसच येतात, त्यातही चार-सहांवरच तोंडी चर्चा होते. म्हणून अतारांकिताला कमी लेखू नये. तक्ते आणि आकडे त्यातच मिळतात. आपल्या दोन जिल्ह्यांपुरते विचारायचे झाल्यास : येथील बँकांचे ठेवी-कर्ज प्रमाण किती ? ते ४० टक्क्यांच्या खाली असल्यास जिल्ह्यात विशेष उपसमिती नेमायची असते, ती नेमली काय ? १९७२ पासून चालत आलेल्या भेददर्शी व्याजदर योजनेत ४ टक्क्यांनी कर्ज मिळते, अनुसूचित जाती-जमातींना घरासाठी २० हजारांपर्यंत. या योजनेत गेल्या तीन वर्षांत किती प्रकरणे झाली? वीस हजारांत आज संडासही नीट बांधून होत नाही, ही मर्यादा वाढवण्याचा विचार आहे काय ? ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले तर ते आश्वासन समजले जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आपल्या जिल्ह्याचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते, ज्या गावात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या गावचे ते. सभागृहाच्या कामकाजाचे आपल्याला वावडे असण्याचे कारण नाही.

लोकप्रतिनिधी प्रश्न विचारतात, पण त्यांना तो कोणी तरी आणून द्यावा लागतो, आणि तो नावगावासकट पक्का असावा लागतो. ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ यावरून प्रश्न तयार होत नाही. मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, पायाचा फोटो काढल्याची तारीख, बँक पासबुकातील जमा झालेल्या हप्त्याची नोंद, गटकर्जाचे कार्ड, सावकाराशी झालेल्या दस्ताचा नोंदणी क्रमांक, एवढे असले की पुरे. ज्या बांधव-भगिनींकडे असे कागद असतील त्यांनी त्यांच्या छायाप्रती संस्थेच्या कार्यालयात रविवारी आणून द्याव्यात, बी. ए. आणि विधी शाखेचे आपले विद्यार्थी त्यांची तालुकावार यादी करतील, आणि अधिवेशनाच्या बऱ्याच आधी ती सर्व पक्षांच्या आमदार-खासदारांकडे सारखीच पोहोचवली जाईल. मूळ कागद मात्र कोणाच्याही हाती देऊ नयेत, आमच्यासुद्धा.